सी प्रोग्राम ग्राफिक्स कार्डावर नेताना: मे ते चवथ (गणेश चतुर्थी), २०२४

ज्यांना सी येते, पण ग्राफिक्स कार्डासाठी कधी एक ओळही लिहिलेली नाही, त्यांच्यासाठी हे क्रमाने मांडले आहे. सगळे काम म्हापशात, घरच्या डेस्कटॉपवर झाले. तारखा आणि खर्च मुद्दाम ठेवले आहेत, कारण सुरुवातीला नेमके तेच कुठे सापडत नव्हते.

हातात एक जुना सी प्रोग्राम होता. खाजन शेताचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेताचा, बांध फुटला की खारटपणा आत कसा पसरत जातो, याचे सोपे गणित त्यात आहे. ४०९६ गुणिले ४०९६ चौकटी, प्रत्येक चौकट अर्ध्या मीटरची, म्हणजे साधारण दोन किलोमीटर लांब-रुंद शेत. दर पावलाला प्रत्येक चौकटीची नवी किंमत ती स्वतः आणि तिच्या चार शेजाऱ्यांवरून काढायची. पाऊल फार मोठे घेता येत नाही: विसरणाचा, म्हणजे खारटपणा पसरण्याचा, गुणांक गुणिले वेळेचे पाऊल, भागिले चौकटीच्या बाजूचा वर्ग, हे उत्तर ०.२५ च्या वर गेले की आकडे उधळतात. त्यामुळे एका प्रयोगाला १० लाख पावले लागत. सहा कोरच्या इंटेल आय-५ वर, ओपनएमपीने सगळ्या कोरांवर काम वाटून, एका पावलाला ६ मिलिसेकंद. म्हणजे एक प्रयोग १०० मिनिटांचा, आणि प्रयोग करायचे होते ६०.

म्हणून हे गणित कार्डावर न्यायचे ठरवले. पहिला प्रश्न कुठल्या साधनांनी लिहायचे हा. ओपनसीएल हा खुला पर्याय आहे. क्रोनोस गटाने त्याची पहिली आवृत्ती २००८ च्या डिसेंबरात जाहीर केली. एएमडी, इंटेल, एनव्हीडिया, सगळ्यांच्या कार्डांवर तो चालतो. पण त्यात कार्डावरचा कोड स्ट्रिंग म्हणून द्यावा लागतो, तो प्रोग्राम चालू असताना कंपाइल होतो, आणि पहिली बेरीज करून दाखवायलाच शंभरेक ओळींची तयारी लागते. एनव्हीडियाचे कुडा २००७ मध्ये आले. ते फक्त त्यांच्याच कार्डांवर चालते. पण सीच्याच फाईलमध्ये कार्डाचा कोडही लिहिता येतो, आणि डीबगर, चूक शोधणारे साधन, वेळ मोजणारी साधने एकाच संचात मिळतात. एकट्याने शिकणाऱ्याला ही साधनेच तारतात, म्हणून कुडा निवडले. पुढे कार्ड बदलायची शक्यता असेल तर ओपनसीएलचाच विचार करावा.

कार्ड विकत घ्यायच्या आधी मे महिन्याचे तीन आठवडे गुगल कोलॅबवर काढले. तिथे फुकटच्या सत्रात बहुतेक वेळा टी-४ कार्ड मिळते. नोटबुक पायथनचे असले तरी फाईल लिहून तिथेच एनव्हीसीसी हा कंपायलर चालवता येतो. सत्र मधेच तुटते आणि फाईली जातात, म्हणून रोज उतरवून ठेवाव्या लागतात. तरी हे जमते की नाही, आवडते की नाही, हे एक रुपया न घालता कळते. कार्ड घेण्याआधी एवढे सगळ्यांनी करावेच.

११ जून २०२४ ला आरटीएक्स ३०६० ची ऑर्डर दिली, १२ जीबी मेमरीचे. जीएसटीसकट २५,८०० रुपये. जुन्या ४०० वॅटच्या पॉवर सप्लायला आठ पिनांची वायर नव्हती. कार्ड १७० वॅट खेचते आणि ५५० वॅटचा सप्लाय सुचवलेला असतो, तो आणखी ४,६०० रुपयांना आला. कार्ड १९ जूनला हातात पडले, पण बिलावरचा सिरियल नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळत नव्हता. दुकानाकडून दुरुस्त बिल यायला चार दिवस गेले. तोवर पाकीट उघडले नाही, आणि ते बरे झाले: वॉरंटीसाठी बिल, खोके आणि कार्डावरचा स्टिकर या तिन्हींवर एकच नंबर लागतो. कार्ड मशीनमध्ये बसवण्याआधी तिन्हींचे फोटो काढून ठेवावेत.

कार्ड बसवताना एक निर्णय फार उपयोगाचा ठरला. मॉनिटरची वायर कार्डाला न जोडता मदरबोर्डच्याच पोर्टला ठेवली, आणि बायोसमध्ये आतले ग्राफिक्स मुख्य म्हणून निवडले. एकच कार्ड पडदाही दाखवत असेल आणि गणितही करत असेल, तर लांबलेले गणित यंत्रणा मधेच तोडून टाकते. विंडोजमध्ये ही मुदत मुळात दोन सेकंदांची असते, लिनक्सच्या डेस्कटॉपवरही अशी मर्यादा लागू होते. पडदा वेगळा असला की हा त्रास राहत नाही, आणि कार्डाची सगळी मेमरी गणिताला मिळते.

२३ जूनला उबुंटू २२.०४ वर ५३५ मालिकेचा ड्रायव्हर घातला. ड्रायव्हर घालताना एक पासवर्ड विचारला जातो. तो कशासाठी हे त्या क्षणी कळत नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर नव्या ड्रायव्हरची सही बायोसच्या पातळीवर मान्य करून घ्यावी लागते, त्यासाठी तो पासवर्ड. पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो आणि कुठलीही कळ दाबायला जेमतेम दहा सेकंद मिळतात. तो पडदा हुकला. मग एनव्हीडिया-एसएमआय ही कार्डाची स्थिती दाखवणारी आज्ञा ‘ड्रायव्हरशी बोलता येत नाही’ एवढेच सांगत राहिली. ड्रायव्हर काढून पुन्हा घालण्यात त्या दिवसाची संध्याकाळ गेली. खरे तर त्याची गरज नव्हती. मोकयूटिल या आज्ञेने ड्रायव्हरच्या सहीची तीच किल्ली (मोक) पुन्हा आयात करायची, नवा पासवर्ड द्यायचा, रीस्टार्ट करायचे, निळ्या पडद्यावर ‘एनरोल मोक’ निवडायचे, पासवर्ड टाकायचा. तो पडदा अमेरिकन कळफलक धरून चालतो, म्हणून पासवर्डात फक्त साधी अक्षरे आणि आकडे ठेवावेत.

आता टूलकिट, म्हणजे कुडाच्या कंपायलरसह सगळ्या साधनांचा संच. इथे तीन दिवस गेले आणि तिन्ही दिवसांची कारणे वेगळी होती.

उबुंटूच्या स्वतःच्या भांडारात एनव्हीडिया-कुडा-टूलकिट नावाचे पॅकेज आहे. २२.०४ मध्ये ते घातले की कुडा ११.५ येते. याच उबुंटूत जीसीसी हा नेहमीचा कंपायलर मात्र ११.४ असतो, आणि या दोघांचे सी++ च्या काही हेडरांवर पटत नाही. साध्या फाईलीतही, आपण न लिहिलेल्या हेडरमधल्या ‘पॅरामीटर पॅक’ विषयी चूक दिसते. ती दिसली की आपल्या कोडमध्ये शोधत बसू नये. एकतर जीसीसी १० घालून एनव्हीसीसीला सीसीबिन या पर्यायाने तो वापरायला सांगावे, नाहीतर ते पॅकेज पूर्ण काढून एनव्हीडियाच्या भांडारातून नवी आवृत्ती घ्यावी. मी दुसरा मार्ग घेतला.

एनव्हीडियाच्या भांडाराची किल्ली घालायला एक छोटे कीरिंग पॅकेज मिळते, आणि टूलकिट उतरवायला खाते उघडावे लागत नाही. तिथे ‘कुडा’ नावाचे पॅकेज घेऊ नये. ते ड्रायव्हरही सोबत आणते आणि आधी नीट बसलेला ड्रायव्हर बदलते. ‘कुडा-टूलकिट-१२-४’ असे आवृत्तीसह नाव दिले की फक्त साधने येतात. डिस्कवर निदान १० जीबी मोकळे ठेवा. पावसाळ्यात लाईन मधेच जाते, दोनदा गेली, पण एपीटी ही उबुंटूची पॅकेज घालणारी आज्ञा अर्धवट उतरलेली फाईल पुढे चालू करते. हेच एका मोठ्या रनफाईलने, म्हणजे सगळे एकत्र असलेल्या एकाच फाईलने, घेतले असते तर ब्राउझरमध्ये पुन्हा पहिल्यापासून उतरवावे लागले असते.

घातल्यानंतरही टर्मिनलला एनव्हीसीसी सापडत नाही, कारण तो यूएसआर-लोकल-कुडाच्या बिन फोल्डरमध्ये असतो. तो रस्ता पाथमध्ये आणि लिब-६४ चा रस्ता एलडी-लायब्ररी-पाथमध्ये, दोन्ही बॅशआरसी फाईलमध्ये लिहून टाकावेत.

एक गोंधळ मात्र जवळपास प्रत्येकाचा होतो. एनव्हीडिया-एसएमआयच्या उजव्या कोपऱ्यात कुडाची आवृत्ती दिसते. माझ्याकडे १२.२ दिसत होती आणि एनव्हीसीसी १२.४ सांगत होता. पहिला आकडा म्हणजे हा ड्रायव्हर कुठवरची आवृत्ती चालवू शकतो ती मर्यादा. टूलकिट घातलेले असो वा नसो, तो दिसतोच. खरी बसवलेली आवृत्ती एनव्हीसीसीलाच विचारायची.

२७ जूनला पहिला प्रोग्राम कंपाइल झाला, चालला, आणि सगळी उत्तरे शून्य आली. चूक नाही, सूचना नाही, नुसती शून्ये.

हा दिवस सगळ्यात घाबरवणारा होता, म्हणून त्याचे कारण पूर्ण सांगायला हवे. एनव्हीसीसी एका फाईलचे दोन भाग करतो. प्रोसेसरसाठीचा भाग जीसीसीकडे जातो. कार्डासाठीचा भाग आधी पीटीएक्स या मधल्या भाषेत उतरतो आणि मग विशिष्ट कार्डाच्या यंत्रभाषेत. कुठले कार्ड ते सांगितले नाही, तर १२.४ जुन्या ५.२ पिढीचा कोड करतो आणि सोबत पीटीएक्स ठेवतो. आरटीएक्स ३०६० ची पिढी ८.६ आहे. तो जुना यंत्रकोड तिच्यावर चालत नाही, म्हणून ड्रायव्हर ऐन वेळी पीटीएक्सचे भाषांतर करू पाहतो. पण पीटीएक्स होते १२.४ चे आणि ड्रायव्हर १२.२ पर्यंतचाच. त्याने नकार दिला. तो नकार त्याने एरर कोड म्हणून परत दिलाही होता, पण तो कोड कुणी वाचलाच नव्हता.

उपाय दोन, आणि दोन्ही करायचे. एनव्हीसीसीला आर्क पर्यायात एसएम-८६ असे आपल्या कार्डाचे नाव द्यायचे. मग यंत्रकोड तयारच असतो आणि भाषांतराची गरज पडत नाही. आणि कुडाच्या प्रत्येक फंक्शनचे परत येणारे मूल्य तपासायचे. त्यासाठी एक मॅक्रो लिहावा: मूल्य ‘कुडा-सक्सेस’ नसेल तर फाईलचे नाव, ओळीचा क्रमांक आणि कुडा-गेट-एरर-स्ट्रिंगने मिळणारे वाक्य छापून थांबायचे. कर्नलची हाक, म्हणजे कार्डावर चालणाऱ्या फंक्शनला दिलेली तिहेरी कंसांची हाक, काहीच परत देत नाही. म्हणून तिच्यानंतर कुडा-गेट-लास्ट-एरर विचारायचे, आणि शिकत असताना त्याच्या पुढे कुडा-डिव्हाइस-सिंक्रोनाइझही. पहिल्याने हाकेतल्या चुका कळतात, उदाहरणार्थ एका ब्लॉकमध्ये १०२४ पेक्षा जास्त थ्रेड मागणे (थ्रेड म्हणजे कर्नलची एकेक धाव, ब्लॉक म्हणजे अशा थ्रेडांचा गट). दुसऱ्याने चालताना झालेल्या चुका कळतात. हा मॅक्रो पहिल्या दिवशीच लिहिला असता तर २७ जून ते ३० जून हे चार दिवस वाचले असते.

जुलैचा पहिला आठवडा सी आणि सी++ यांच्यातल्या फरकांत गेला. ‘सीमध्ये कुडा’ असे म्हणतात, पण सीयू शेवटाची फाईल एनव्हीसीसी सी++ म्हणून वाचतो. मॅलॉकचे उत्तर कास्ट न करता ठेवले तर चूक. लांबी चालताना ठरणारे ॲरे कार्डावरच्या कोडमध्ये चालत नाहीत. रिस्ट्रिक्ट हा शब्द पुढे-मागे दोन-दोन अंडरस्कोअर लावून लिहायचा. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला लिंकरने: जुन्या सी फाईलमधून सीयू फाईलमधले फंक्शन बोलावले की ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. सी++ फंक्शनांची नावे आतून बदलते, म्हणून दोघांमध्ये लागणाऱ्या फंक्शनांवर एक्स्टर्न-सी लिहावे लागते. जुना प्रोग्राम तसाच सीमध्ये ठेवावा, कार्डाचा भाग एका वेगळ्या सीयू फाईलमध्ये, आणि मधे तीन-चार फंक्शने. एवढीच सीमा ठेवली की घोळ राहत नाही.

८ जुलैला उत्तरे बरोबर येऊ लागली. प्रोसेसरच्या उत्तराशी शेवटचे अंक जुळत नव्हते. कार्डावर गुणाकार आणि बेरीज एकाच दमात, एकदाच पूर्णांकन करून होते, म्हणून हा फरक पडतो. बरोबरीची तपासणी सोडून सापेक्ष फरकाची मर्यादा ठेवावी. शंका असेल तर एफमॅड, म्हणजे ही एकदमची गुणाकार-बेरीज, बंद करून एकदा तुलना करावी.

वेळ मोजली तर एका पावलाला ०.०१ मिलिसेकंद. आनंद पाच मिनिटे टिकला. हिशेब मांडला तर ते अशक्य होते. ४०९६ गुणिले ४०९६ फ्लोट म्हणजे ६७ एमबी. दर पावलाला निदान एकदा वाचायचे, एकदा लिहायचे: १३४ एमबी. कार्डाची मेमरी सेकंदाला ३६० जीबी हलवते. म्हणजे ०.३७ मिलिसेकंदांच्या खाली जाणे शक्यच नाही. घोळ असा की कर्नलची हाक लगेच परत येते, काम मागे चालू राहते, आणि मी मोजत होतो तो फक्त हाक देण्याचा वेळ. कुडा-इव्हेंट, म्हणजे वेळेची खूण, नोंदवून, दुसऱ्या इव्हेंटपाशी थांबून मधला वेळ घ्यायचा, तीच योग्य रीत. पहिली हाक मोजणीत धरू नये, तिच्यात सुरुवातीची तयारी असते.

मोजण्याआधी कागदावर काढलेली ही खालची मर्यादा पुढच्या सगळ्या कामात दिवा ठरली. ती नसती तर कुठे थांबायचे हेच कळले नसते.

खरा वेळ निघाला तो धक्कादायक होता: पूर्ण पावलाला साधारण २५ मिलिसेकंद, म्हणजे प्रोसेसरपेक्षा चौपट हळू. इथे एनसाइट सिस्टिम्स हे साधन कामाला आले. एनसिस प्रोफाइल, स्टॅट्स पर्याय चालू, पुढे प्रोग्रामचे नाव. शेवटी तक्ता येतो. त्यात कर्नलचा वेळ तीन मिलिसेकंदांच्या आसपास आणि बाकी सगळे नेण्या-आणण्यात. प्रत्येक पावलाला ६७ एमबी कार्डावर जात होते आणि ६७ एमबी परत येत होते. या मदरबोर्डचा पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे कार्डाकडे जाणारा रस्ता, तिसऱ्या पिढीचा. साध्या मॅलॉकच्या मेमरीतून सेकंदाला ६ जीबीच मिळत, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. कुडा-मॅलॉक-होस्टने घेतलेली, जागेवर खिळलेली मेमरी वापरली तर तोच दर १२ जीबी झाला, कारण मधली एक नक्कल वाचते. पण खरा उपाय वेगळा होता: दोन्ही ॲरे कार्डावरच ठेवायचे, दर पावलाला फक्त त्यांच्या पॉइंटरांची अदलाबदल करायची, आणि निकाल हवा तेव्हाच खाली आणायचा. खिळलेली मेमरी उगाच भरमसाट घेऊ नये, तेवढी रॅम बाकीच्या कामांना मिळत नाही.

उरले ते तीन मिलिसेकंद. ०.३७ च्या तुलनेत आठपट. कारण एका ओळीत होते: थ्रेडचा एक्स क्रमांक मी रोसाठी वापरला होता आणि वाय कॉलमसाठी, जसे दोन फॉर लूप लिहिताना सुचते तसे. कार्ड ३२ थ्रेडांचा गट, म्हणजे वॉर्प, एकदम चालवते, आणि एक्सने शेजारी असलेले थ्रेड एका वॉर्पमध्ये येतात. ते मेमरीतही शेजारी वाचत असतील तर ३२ फ्लोट, १२८ बाइट, एकत्र येतात. रोची अदलाबदल झाली की प्रत्येक थ्रेड १६ केबी दूर वाचतो आणि प्रत्येकासाठी वेगळा ३२ बाइटांचा तुकडा आणावा लागतो, त्यातले चारच बाइट कामाचे. एक्स कॉलमला दिला, ब्लॉक ३२ गुणिले ८ चा ठेवला, आणि वेळ १ मिलिसेकंदावर आला.

अजून अडीचपटीहून जास्त. इथे एनसाइट कॉम्प्यूट लागले, जे एकेका कर्नलच्या आत पाहते. पहिल्यांदा चालवले की परवानगीची चूक येते, कारण कार्डावरचे मोजणीचे आकडे मुळात फक्त प्रशासकाला खुले असतात. सुडो लावून चालवावे, किंवा मॉडप्रोबच्या फाईलमध्ये ‘रिस्ट्रिक्ट प्रोफाइलिंग’ चा पर्याय शून्य करून रीस्टार्ट करावे. अहवालात दिसले की ६४ बिटी गणिताची नळी तुडुंब भरलेली आहे. प्रोग्राममध्ये तर सगळे फ्लोट होते! पण कर्नलमध्ये ०.२ आणि ४.० असे लिहिले होते. सीमध्ये दशांश चिन्ह असलेला आकडा मागे एफ नसेल तर डबल असतो, आणि त्याच्यासोबत सगळी राशी डबलमध्ये जाते. प्रोसेसरवर याने फारसे बिघडत नाही. या कार्डावर डबलचा वेग फ्लोटच्या ६४ वा भाग आहे. दोन आकड्यांमागे एफ लावले आणि ०.४५ मिलिसेकंद झाले. म्हणजे सेकंदाला जवळजवळ ३०० जीबी, ३६० पैकी.

यापुढे सामायिक मेमरी, म्हणजे एका ब्लॉकच्या थ्रेडांची मिळून असलेली छोटी वेगवान मेमरी, वापरून पाहिली, कारण प्रत्येक धड्यात तिचे कौतुक असते. ब्लॉकपुरता तुकडा आधी आत आणायचा, सिंक-थ्रेड्सने सगळ्यांना थांबवायचे, मग गणित. चार दिवस लागले आणि फरक नगण्य. पाच चौकटींच्या या गणितात शेजारी चौकटी कॅशमध्येच सापडतात, हाताने ठेवण्याची गरज उरत नाही. गणित जास्त रुंद शेजाराचे असेल, किंवा एकच मूल्य पुन्हा पुन्हा लागत असेल, तर ती मेहनत कामी येते. एक इशारा मात्र द्यायला हवा: सिंक-थ्रेड्स कधीही अशा इफमध्ये लिहू नये जिथे ब्लॉकमधले काही थ्रेड जातात आणि काही नाही. प्रोग्राम लटकू शकतो.

सर्वात अवघड चूक ऑगस्टमध्ये सापडली. शेताचा आकार ४१०० गुणिले ३००० केला आणि डावीकडच्या शाबूत बांधातून क्षार आत झिरपू लागला. शिवाय दर वेळी आकडे थोडे वेगळे. ४१०० ला ३२ ने नि:शेष भाग जात नाही, म्हणून ब्लॉकांची संख्या वर नेली होती: १२९ ब्लॉक, म्हणजे ४१२८ थ्रेड. जास्तीच्या २८ थ्रेडांना मी अडवले नव्हते. काठ तपासताना ‘कॉलम शेवटचा आहे का’ असे बरोबरीने विचारले होते, ‘शेवटचा किंवा पुढचा’ असे नाही. मेमरीत एका रोच्या पुढे लगेच दुसरी रो सुरू होते. त्यामुळे ते २८ थ्रेड पुढच्या रोच्या डाव्या काठावर लिहीत होते, जिथे बांधाची ठरावीक किंमत असायला हवी.

कार्डाने याबद्दल काहीच तक्रार केली नाही, कारण लिहिणे आपल्याच ॲरेत होत होते. मेमरीतल्या चुका शोधणारे कॉम्प्यूट-सॅनिटायझर चालवल्यावर मात्र शेवटच्या रोंमधले एक वाचन ॲरेच्या बाहेर गेलेले त्याने पकडले. लाइनइन्फो पर्यायाने कंपाइल केले असल्याने ओळीचा क्रमांक, ब्लॉक आणि थ्रेडही मिळाला. तिथून धागा पकडून बाकीचे कळले. जुन्या लेखांत कुडा-मेमचेक नाव दिसेल. बाराव्या आवृत्तीपासून ते गेले, त्याच्या जागी हेच साधन आहे. त्याचेच रेसचेक हे अंग फक्त सामायिक मेमरीतल्या शर्यती शोधते, म्हणून वरची चूक त्याला दिसली नसती. प्रोग्राम याखाली फार हळू चालतो, तेव्हा लहान शेत आणि दहा-वीस पावले घ्यावीत, पण आकार मुद्दाम ३२ ने भाग न जाणारा ठेवावा. डीबगरसाठी मोठ्या जीचा पर्याय लावला तर तो काढल्याशिवाय वेळ मोजू नये. त्याने कार्डाच्या कोडचे सगळे ऑप्टिमायझेशन बंद होते.

प्रयोग सुरू झाले १७ ऑगस्टला. एक प्रयोग आता साडेसात मिनिटांचा, साठही एका रात्रीत बसतात. अडचण विजेची. पावसात एखादी फांदी तारेवर पडली की रात्री तास-दोन तास वीज जाते. ११०० व्हीएचा यूपीएस ६,२०० रुपयांना घेतला. कार्ड भरात असताना तो काही मिनिटेच पुरतो, मशीन नीट बंद व्हावी एवढीच त्याची अपेक्षा. म्हणून दर ५०,००० पावलांनी निकाल फाईलमध्ये ठेवला. फाईल आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहायची, डिस्कवर गेल्याची खात्री करायची आणि मग नाव बदलायचे. लिहिता लिहिता वीज गेली तरी आधीची चांगली प्रत शाबूत राहते. दोनदा त्याचा उपयोग झाला.

चवथीच्या चार दिवस आधी, ३ सप्टेंबरला, सकाळी एनव्हीडिया-एसएमआय पुन्हा ‘ड्रायव्हरशी बोलता येत नाही’ म्हणाली. रात्री लिनक्सचा कर्नल (हा वेगळा, यंत्रणेचा गाभा) आपोआप अद्ययावत झाला होता. ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. डीकेएमएस ते काम आपोआप करते, पण त्याला त्या कर्नलची हेडर लागतात आणि ती आली नव्हती. यूनेम विचारून चालू कर्नलची आवृत्ती घेतली, त्या आवृत्तीची लिनक्स-हेडर्स घातली, डीकेएमएस स्टेटसमध्ये ‘इन्स्टॉल्ड’ दिसले, रीस्टार्ट केले. जूनमध्ये याच वाक्याने एक संध्याकाळ घेतली होती, या वेळी दहा मिनिटे लागली. पुन्हा तसे होऊ नये म्हणून हेडरांचे सामायिक पॅकेज घालून ठेवले आहे, आणि लांबचे प्रयोग चालू असतात तेव्हा एपीटी-मार्क होल्डने कर्नल धरून ठेवतो.